कारवारचा किनारा झाडायला बेळगावहून बस कशाला?

खानापूरकर: परवाच्या पोस्टचं उत्तर दिल्याशिवाय राहवेना. ‘बेळगावच्या तरुणांनी टागोर किनारा चकाचक केला, कारवारचा उपसागर वाचवण्याचं पहिलं पाऊल!’ खाली फोटोच फोटो. पहिलं? जानेवारी २०२० मध्ये बंदर विस्ताराचं काम सुरू झालं तेव्हा बंदराशेजारच्या बैतकोल या मच्छीमार वस्तीतली बायामाणसं त्याच वाळूत उतरली. होड्या बंद ठेवल्या, पोलिसांनी उचलून नेलं तरी हटली नाहीत, कोर्टात भांडून स्थगिती आणली. सीबर्ड नौदल तळासाठी बिणगा, अरगाकडचा समुद्र आधीच गेलेला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लावायला शहराजवळ उरला हा एवढा किनारा, त्यावरही लाटरोधक भिंत येणार होती. किनारा राखला तो त्यांनी. तुम्ही बाटल्या वेचल्यात. चांगलं केलंत, पण त्याला सहल म्हणा.

बसमधला एक: मीच होतो त्या बसमध्ये. रामनगरच्या खड्ड्यांतून, अणशी घाटातून पहाटे निघून जायचं आणि वर हे ऐकायचं. देवबाग, माजाळीकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळूत पडलेली फाटकी जाळी त्यांच्या पायात अडकतात. ती उचलायलाही कोर्टाची ऑर्डर लागते काय?

वडगावचा शेतकरी: कारवार राहू दे बाजूला. आमच्या बळ्ळारी नाल्यात या एकदा. अख्ख्या बेळगावचं सांडपाणी दर पावसाळ्यात आमच्या भाताच्या शिवारात शिरतंय. तेच पाणी पुढं कृष्णेतनं बंगालच्या उपसागराला जातंय. उपसागरच वाचवायचा असला तर तो आधी वाचवा की! बस पण नको, सायकलनं येतंय.

सीमावासी: ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह’ ही घोषणा देत आमची हयात गेली. कारवारला कोण का जाईना, परकं समजू नका.

खानापूरकर: आलं का तिथंच!

निपाणीवाला: बंदर वाढलं तर आपला माल तिथून जाईल, पोरांना काम मिळेल. सगळ्यालाच विरोध कसा चालेल?

बैतकोलचा जावई: काम कुणाच्या पोरांना? सीबर्डच्या वेळीही हेच ऐकवलं होतं. माझे सासरे रापणीवर होते. गोल जाळ्यानं अख्खा थवा वेढणाऱ्या पर्सीनच्या बोटी आल्या आणि बांगड्याचे थवे किनाऱ्याला लागायच्या आधीच उचलले जाऊ लागले. आता रात्री दिवे लावून मारतात. केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी समुद्रात उजेड दिसतोच.

निपाणीवाला: म्हणजे पर्सीनवाले मच्छीमार नव्हेत? कर्ज काढून बोट घेतलेल्यानं काय करायचं?

बैतकोलचा जावई: एका बोटीच्या जाळ्यात आख्ख्या वाड्याच्या रापणीची मासळी जाते, त्याचं काय करायचं ते आधी सांगा. आणि बेळगावात जून-जुलैतही ‘ताजी सुरमई’ म्हणून कोण मागतं? ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद असतात, ठाऊक आहे ना?

बसमधला एक: आता मासे खाणंही गुन्हा?

बैतकोलचा जावई: पिल्लं खाणं, होय. बोटाएवढा बांगडा ‘स्वस्त मिळाला’ म्हणून पिशवी भरून नेणारे तुमच्याच बसमध्ये होते. बायकोच्या भावानं पाहिलंय.

वडगावचा शेतकरी: माझ्या नाल्याचं काय झालं?

बसमधला एक: पिशवी माझी नव्हती. पण बरं, मान्य, पोस्टमध्ये ‘पहिलं पाऊल’ लिहायला नको होतं. थोर मच्छीमार बांधवांना साष्टांग नमस्कार! पुढच्या खेपेला बस आधी बैतकोलला नेतो, काय करायचं ते त्यांनाच विचारतो. मग खानापूरकर येणार, की नुसतं लिहिणार?

खानापूरकर: येतो. फोटो काढणारा एकच आणा.

बैतकोलचा जावई: रविवारी येऊ नका. त्या दिवशी बाजार असतो, तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसेल.