गुणांपलीकडे मुलांना काय गवसले? सीमाभागातील अनुभव

दहावी, पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी) आणि नीटचे निकाल जवळ आले, की बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी घरांत बोलणे टक्केवारीपुरतेच उरते. यशाच्या दडपणाखाली दबलेल्या मुलांना शिकण्यात स्वतःचा अर्थ सापडावा यासाठी आपण काय केले आणि त्यातून काय घडले, हे मोकळेपणाने लिहावे. उपदेशापेक्षा प्रसंग हवे आहेत.

शिक्षिका, खानापूर तालुका
माझ्या मराठी माध्यमाच्या वर्गात कन्नडच्या पेपरची सर्वांत मोठी धास्ती असते, कारण आमच्या गावात ती भाषा क्वचितच कानावर पडते आणि एकूण टक्केवारी मात्र तिच्यामुळेच घसरते. नववीतील एक हुशार मुलगा त्या एका विषयापायी शाळाच नको म्हणू लागला होता. त्याच सुमारास त्याच्या आजीने शेताचा उतारा काढून आणला. तो कन्नडमध्ये होता आणि घरात कोणालाच वाचता येईना. मी मुलाला शेजारी बसवून अक्षर अक्षर लावत तो वाचायला लावला. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पिकाची नोंद आणि शेवटी आजीचे नाव सापडले, तसा तो सावरून बसला. पुढे शेजारीपाजारी सोसायटीच्या नोटिसा आणि वीजबिले घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. त्याचे गुण थोडेसेच वाढले, परंतु आपल्याला जे येते त्यावर कोणी विसंबून आहे, ही जाणीव त्याला झाली आणि शाळा चुकवणे थांबले. आमच्या भागात भाषेविषयी पुष्कळ दुखऱ्या आठवणी आहेत. तरीही उपयोगी पडणारी विद्या त्या कारणाने मुलांपासून दूर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विणकर आई, वडगाव
मुलीने नीट पुन्हा द्यावी, असा नातेवाइकांचा आग्रह होता. मी तिला विचारले, "डॉक्टर होऊन तुला कोणासाठी काय करायचे आहे?" तिला उत्तर देता येईना. मग काही दिवस हा विषय कोणीही काढायचा नाही, असे मी घरात बजावले. शेवटी तिनेच सांगितले, की आजोबांची शुश्रूषा करताना तिला मनापासून बरे वाटत असे. आता ती नर्सिंग शिकते. फी भरताना आमची ओढाताण होतेच.

समुपदेशक, बेळगाव
व्हिएन्नातील मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी १९३० च्या सुमारास तरुणांसाठी मोफत सल्ला केंद्रे चालवली आणि गुणपत्रिका मिळण्याच्या दिवसांत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष पुरवले. हाती घेतलेले काम, कोणावरचे प्रेम आणि अटळ दुःखाला सामोरे जाण्याची आपली रीत, यांतून माणसाला अर्थ सापडतो, अशी त्यांची मांडणी होती. म्हणूनच "तुला कोण व्हायचे आहे?" याऐवजी "तुझ्यावाचून कोणाचे अडते?" असे मी मुलांना विचारतो. मात्र झोप उडालेले, जेवण सुटलेले, मरणाची भाषा बोलणारे मूल समोर असेल, तर ही चर्चा बाजूला ठेवावी, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आयटीआयचा विद्यार्थी, उद्यमबाग
पीयूसी सायन्सला नापास झाल्यावर मी घराबाहेर पडणे बंद केले होते. मामा मला त्यांच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, घेऊन गेले. ओतलेले बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा बनवतात तो नमुना, मूळ मापापेक्षा साधारण १ टक्का मोठा ठेवतात, हे तेथे पाहिले आणि शाळेत घोकलेले आकुंचन मला प्रथमच समजले. राहिलेले विषय पुन्हा द्यायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. गणित मात्र रोज संध्याकाळी सोडवतो, कारण पॅटर्नची मापे काढताना ते लागते.