मदत हवी आहे: फुफ्फुसाच्या कॅन्सरचं पुढचं शिक्षण, कणकवलीत राहून

गडनदी_काठ:
नमस्कार. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये सगळं भराभर बदलतंय, मी मागे पडतोय. चांगला कोर्स सुचवा. ओपीडीतून लिहितोय, लवकर सांगा.

परळची_निवासी:
तुम्ही चेस्ट फिजिशियन, सर्जन की किमो देणारे? आणि नोंदणीच्या नूतनीकरणाचे क्रेडिट गुण हवेत की शिकायचंय?

बंदररोड:
नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात. रविवारच्या सीएमई (डॉक्टरांच्या शिक्षणाच्या सभा) गाठा, सहज भरतात.

देवगडचा_सर्जन:
क्रेडिट भरतात, हात तयार होत नाही. पंधरा दिवस मुंबईत राहून ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिकेची तपासणी) बघा. तुतारी एक्सप्रेसने रात्री निघालात की सकाळी दादर.

बंदररोड:
पंधरा दिवस दवाखाना बंद? पेशंटनी जायचं कुठे? आणि गणपतीत तुतारीचं तिकीट मिळवून दाखवा.

गडनदी_काठ:
चेस्ट फिजिशियन आहे. क्रेडिट झालेत. खरं कारण सांगतो. गेल्या महिन्यात ४८ वर्षांच्या ताई आल्या, आयुष्यात विडी-सिगारेट नाही. दुसरीकडे सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या, थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता. मी बायोप्सी केली, अॅडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला. पण ईजीएफआर या जनुकाच्या तपासणीला (कुठलं औषध चालेल ते त्यावर ठरतं) पाठवायला तुकडाच उरला नाही. पुन्हा सुई टोचावी लागली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

मालवणी_माणूस:
डॉक्टर, बाबांना दोन महिने खोकलो आसा. एक्स-रे खंय काढू?

गडनदी_काठ:
उद्याच जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. दोन आठवड्यांवरचा खोकला तपासायलाच हवा. थुंकीची तपासणी फुकट होते. रिपोर्ट मला दाखवा.

परळची_निवासी:
हे आधी लिहायला हवं होतं. तुम्हाला कोर्सपेक्षा ट्यूमर बोर्ड हवा, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून केस ठरवायची बैठक. नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं २०१२ पासून आहे, त्यांचा ऑनलाइन बोर्ड भरतो. तुमच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल सदस्य आहे ते बघा आणि त्यांच्यामार्फत केस मांडा. त्यांची उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं मोफत आहेत. टीएनएमची (कॅन्सरची पायरी ठरवायची पद्धत) नववी आवृत्तीही वाचा, एन-२ चे (छातीच्या मधल्या भागातल्या गाठींपर्यंत पसरलेला कॅन्सर) आता ए आणि बी असे दोन भाग झालेत.
तुकड्याचं म्हणाल तर पॅथॉलॉजिस्टना आधी फोन करा. कॅन्सरचा प्रकार ओळखायला टीटीएफ-१ आणि पी४० या दोन चाचण्यांवर भागवा, उरलेला ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ या जनुकांच्या तपासणीसाठी राखून ठेवा. तुकडे दोन ब्लॉकमध्ये विभागून घ्या.

देवगडचा_सर्जन:
बोर्डावर सगळं ठरेल, तुकडा शेवटी हातानेच काढायचा. मी अजून मुंबईच म्हणतो.

परळची_निवासी:
सर, तेही हवंच. पण त्या ताईंचा निर्णय या आठवड्यात घ्यायचाय.

गडनदी_काठ:
तुकडा फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवायचं द्रावण) किती वेळ चालतो? आमचे नमुने कुरियरने मुंबईला जातात.

परळची_निवासी:
निदान सहा तास हवेत, ४८ च्या वर नको. डीएनए खराब होतो.

गडनदी_काठ:
मी बायोप्सी शुक्रवारी ठेवतो. कुरियर सोमवारी पोचतं. या आठवड्यापासून सोमवारीच करतो.