खोली गोल इमारतीतली, पण लॉबी शेजारची

अमेरिकेतल्या अटलांटाच्या डाउनटाउनमधल्या वेस्टिन पीचट्री प्लाझा हॉटेलात एक रात्र काढावी का, की नुसतं वर जाऊन बघून यावं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, एक रात्र काढाच, फक्त वरच्या मजल्यावरची खोली मागून घ्या. इमारत नळकांड्यासारखी गोल, ७३ मजली. त्यामुळे खोली केकच्या तुकड्यासारखी, दाराकडे अरुंद आणि काचेकडे रुंद होत जाणारी. रात्री दिवे घालवून त्या काचेपाशी बसायचं, पैसे तिथेच वसूल.

१९७६ मध्ये ते उघडलं तेव्हा जगातलं सगळ्यांत उंच हॉटेल होतं. २००८ च्या मार्चमध्ये शहरात टोर्नेडो घुसला आणि याच्या शेकडो काचा फुटल्या.

कुणी इथल्या लॉबीचं कौतुक केलं, तर ते मात्र मला पटत नाही. लॉबी बघायची तर जवळच्या हयात रीजन्सी हॉटेलात डोकावा. वास्तुकार तोच, जॉन पोर्टमन. १९६७ चं ते २२ मजली पोकळ अंगण बघताना वाड्याचा चौक कुणीतरी वर ताणत नेल्यासारखा वाटतो! पोर्टमनवर माझा राग एकच, त्याने माणसं पुलांवरून इमारतीतून इमारतीत फिरवली आणि खालचा रस्ता ओस पडला. संध्याकाळी पायी हिंडायला म्हणून जाल तर हिरमोड होईल.

विमानतळावरून टॅक्सी करू नका. मार्टा, म्हणजे इथली मेट्रो, थेट हॉटेलजवळच्या पीचट्री सेंटर स्टेशनला येते. स्टेशन कातळ फोडून केलंय, भिंतींचा तो उघडा दगड बघायला दोन मिनिटं थांबा.