ऐंशीच्या दशकातले मराठी चित्रपट : तेव्हाचे मत आणि आजचे मत (अनुभव धागा)

ऐंशीच्या दशकातला एखादा मराठी चित्रपट तुम्ही त्या काळात पाहिला असेल आणि पुढे पुन्हा पाहताना त्याविषयीचे मत बदलले असेल, तर तो अनुभव येथे सविस्तर लिहावा, ही विनंती. मत चढले असो वा उतरले असो, दोन्हींचे स्वागत आहे. मात्र चित्रपट पहिल्यांदा कोठे आणि कोणाबरोबर पाहिला, आणि मत कोणत्या प्रसंगामुळे बदलले, हे अवश्य सांगावे. सुरुवात मी करते.

पुणे

जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' १९८२ साली आला तेव्हा मी नववीत होते आणि आईने मला तो पाहायला नेले होते. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन लहान मुलीला जावेच्या हाती सोपवून महिलाश्रमाच्या अधीक्षकपदाची नोकरी करायला परगावी जाते, याचा मला इतका राग आला की घरी परतताना मी आईशी एक शब्दही बोलले नाही. पुढे २००१ मध्ये माझी बदली नागपूरला झाली. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती पुण्यात तिच्या वडिलांजवळ राहिली आणि त्या हिवाळ्यात भाड्याच्या खोलीत मी तो चित्रपट पुन्हा पाहिला. लहानपणी मी सुलभाने काय काय सोडले एवढेच मोजले होते. या वेळी माझ्या लक्षात आले की तिच्या सासूबाई स्वतः समाजकार्य करणाऱ्या आहेत आणि त्या घराला समाजकार्याचे वावडे मुळीच नाही. घरात राहून, घराच्या नावाला शोभेल तेवढे ते करावे, इतकीच त्यांची अपेक्षा आहे. सुलभा परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. त्याच्या या वागण्याला घर सोडणे असे कोणी म्हणत नाही, आणि नववीत असताना मीही म्हटले नव्हते.

तरीही हा चित्रपट सर्व बाबतींत काळाच्या पुढे होता, असे म्हणण्याचे धाडस मी आता करणार नाही. आश्रमातील दोन स्त्रियांच्या परस्पर ओढीकडे त्यात उपचाराची गरज असलेली गोष्ट म्हणून पाहिले आहे. दुसऱ्यांदा पाहतानाही मला ते खटकले नव्हते. चार वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा पाहिला, तेव्हा मात्र फार खटकले.

सोलापूर

माझा चित्रपट बहुतेकांचा पाठ असेल. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मी पाचवीत असताना मामांबरोबर पाहिला आणि पुढची कित्येक वर्षे तो माझ्या लेखी केवळ हसण्याचा चित्रपट होता. मधुमेहाच्या औषधासाठी घेतलेले सत्तर रुपयेही वारले, हा संवाद आम्ही शाळेत रोज म्हणत असू.

शिक्षण संपल्यावर १९९९ मध्ये नोकरीसाठी मी पुण्यात गेलो. आम्ही चौघे मित्र होतो, पगार बेताचा होता आणि जागा दाखवणारा प्रत्येक एजंट पहिला प्रश्न विचारी, "फॅमिली आहे का?" नाही म्हटले की जिन्यावरूनच परत फिरावे लागे. सात आठवडे आम्ही एका ओळखीच्या माणसाकडे कॉट बेसिसवर दोन कॉटमध्ये चौघे राहिलो. मालकाला चौथ्या माणसाचा पत्ता लागू नये म्हणून चपलांचे दोनच जोड दाराबाहेर ठेवत असू आणि बाकीचे आत लपवत असू. त्या दिवसांत एका रविवारी टीव्हीवर हाच चित्रपट लागला. सुधीर जोशींचे सरपोतदार घराबाहेर काढतात, नयनतारा यांच्या लीलाबाई काळभोर जोडप्यांखेरीज कोणाला जागा देत नाहीत, आणि म्हणून परशुरामला पार्वती व सुधीरला सुधा व्हावे लागते. ही गोष्ट मला अकरा वर्षांनी प्रथमच नीट कळली. आम्ही हसलो, पण मध्येच एक मित्र उठून बाहेर गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावरून ही कथा घेतली आहे, हे नंतर वाचनात आले. मूळ शीर्षकातच मकान आहे. वसंत सबनीसांच्या संवादांचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे, परंतु घर नसलेल्या माणसाची लाचारी त्यांनी कोठेही सौम्य केलेली नाही, हे माझ्या दृष्टीने त्या संवादांपेक्षाही मोठे आहे.

ठाणे

वरील अनुभव वाचून त्याच चित्रपटाविषयी लिहावेसे वाटले. 'कुणीतरी येणार येणार गं' हे गाणे चित्रपटात ज्या डोहाळजेवणात येते, तेथे गर्भवती म्हणून बसलेली पार्वती हा वेष पालटलेला पुरुष असतो. माझ्या आजीला ते मुळीच आवडले नव्हते. बाईच्या या दिवसांची थट्टा करू नये, असे ती म्हणाली होती आणि अनेक वर्षे माझेही तेच मत होते.

माझे लग्न झाल्यावर नऊ वर्षे आम्हाला मूल नव्हते. आमच्याकडे कोणाचेही डोहाळजेवण असले की हेच गाणे लागत असे आणि मी काही निमित्त काढून स्वयंपाकघरात जात असे. २०११ मध्ये माझे स्वतःचे डोहाळजेवण झाले, तेव्हा नणंदेने हे गाणे लावू का असे मला आधी विचारले. मी होकार दिला. गाणे सुरू असताना मला सतत पार्वतीच्या वेषातले लक्ष्मीकांत बेर्डे आठवत होते. आपल्याला ज्याचा हक्क नाही अशा कौतुकाच्या मध्यभागी बसलेला माणूस, ही नऊ वर्षे मला स्वतःबद्दल वाटणारी भावना होती. आजीचे म्हणणे मला आजही चुकीचे वाटत नाही. पण खोट्या प्रसंगासाठी रचलेले हे गाणे महाराष्ट्रातल्या इतक्या बायकांनी आपल्या खऱ्या प्रसंगासाठी घेतले, यात त्या गाण्याचा काहीतरी गुण असला पाहिजे, आणि तो मला त्या दिवशी जाणवला.

नाशिक

मी १९८९ ते १९९७ या काळात व्हिडिओ लायब्ररी चालवली. माझा मुद्दा वेगळा आहे. आपले मत बदलते असे आपण म्हणतो, त्या आधी आपण पूर्ण चित्रपट पाहिला होता का, हे तपासावे. महेश कोठारे यांचा 'धडाकेबाज' (१९९०) सिनेमास्कोपमध्ये चित्रित झाला होता आणि मराठीत हा पहिलाच असा प्रयत्न होता. त्या पडद्याची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट असते. घरच्या जुन्या टीव्हीची रुंदी उंचीच्या जेमतेम १.३३ पट होती. कॅसेटवर चित्र टीव्हीभर दिसावे म्हणून कडा कापल्या, तर चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र नाहीसे होते. माणसे अर्धी दिसत, आणि समोरासमोर बोलणाऱ्या दोघांपैकी एक जण चौकटीबाहेर राही. ती कॅसेट मी शेकडो वेळा भाड्याने दिली आणि चित्रपट ओबडधोबड आहे, असे मत ग्राहकांबरोबर मीही बनवले. बऱ्याच वर्षांनी पूर्ण रुंदीत पाहिला, तेव्हा बाटलीतल्या गंगारामाच्या दृश्यांमागे किती मेहनत आहे हे दिसले. ज्या लोकांना मी तेव्हा त्याविषयी तुच्छतेने सांगितले, त्यांची मला आज खरोखर क्षमा मागावीशी वाटते.

बंगळुरू

थोडक्यात लिहिते. 'गंमत जंमत' (१९८७) मला फार प्रिय होता आणि किशोर कुमार व अनुराधा पौडवाल यांचे 'अश्विनी ये ना' आजही आहे. मात्र माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीबरोबर तो पाहताना तिने विचारले, की ज्याने पळवून नेले त्याच्यावरच या मुलीचे प्रेम का बसते. मी "तेव्हा असेच असायचे" असे म्हणाले आणि म्हणतानाच ते उत्तर मला अपुरे वाटले. माझ्या शाळेच्या रस्त्यावर मुलींच्या मागे सायकली घेऊन येणारे मुलगे हीच गाणी म्हणत असत आणि त्याचा मला त्रास होत असे. थिएटरमध्ये मात्र मी त्यांच्याबरोबर हसत होते. गाणे मी अजून ऐकते, पण तो चित्रपट मुलीला दाखवण्याचा आग्रह आता धरत नाही.

कोल्हापूर

'एक होता विदूषक' १९९२ चा असल्यामुळे दशकाच्या बाहेर जातो, पण त्याने ऐंशीच्या दशकाविषयीचे माझे मत बदलले, म्हणून तो येथे आणतो. आमचे घर नाटकवाल्यांचे. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाला आमच्याकडे आरडाओरडा म्हणत आणि 'धुमधडाका', 'दे दणादण', 'थरथराट' या चित्रपटांचे नाव जेवताना काढलेले वडिलांना चालत नसे. पु. ल. देशपांडे यांची पटकथा आहे म्हणून 'विदूषक' पाहायला मात्र वडील स्वतः आम्हाला घेऊन गेले. थिएटरमध्ये माणसे तुरळक होती. हसायला आलेले काही जण मध्यंतरातच उठून गेले. तमाशातून आलेला आबुराव चित्रपटांचा लोकप्रिय विनोदी नट होतो, राजकारणात ओढला जातो आणि न हसणाऱ्या आपल्या मुलीला हसवू पाहतो, ही कथा पाहून बाहेर पडल्यावर वडील म्हणाले, "हा माणूस इतकी वर्षे हे सगळं कुठे ठेवून होता?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी नंतर त्यांचे जुने चित्रपट एकामागून एक पाहिले. ते कोठेच लपवलेले नव्हते. इतर नट बोलत असताना त्यांचा चेहरा पाहावा. ज्या वेगाला आम्ही आरडाओरडा म्हणत होतो, त्याच्या आत प्रत्येक प्रतिक्रिया वेगळी आणि अचूक आहे. १६ डिसेंबर २००४ रोजी ते गेले, त्यापूर्वी वडिलांनीही ते मान्य केले होते.

सांगली जिल्हा

मीही एका वर्षाची सवलत मागतो, कारण विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' १९९१ चा आहे. आमच्या गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बायका तालुक्याला तो पाहायला गेल्या होत्या. त्यांत माझी आत्या होती आणि तिला सोबत म्हणून बारावीतला मी होतो. अलका कुबल यांच्या वाट्याला येणारा प्रत्येक अन्याय पाहून सगळे थिएटर रडत होते आणि मला मात्र लाज वाटत होती. कॉलेजात गेल्यावर या चित्रपटाची टर उडवणाऱ्यांत मी पुढे असे.

पुढे शिक्षक म्हणून खेड्यांतून फिरलो, सासरहून परत धाडलेल्या मुलींचे दाखले काढून दिले, त्यांच्या आयांशी बोललो, आणि त्या दिवशी ट्रॉलीतल्या बायका चित्रपटातल्या सुनेसाठी जेवढ्या रडल्या तेवढ्याच कोणा दुसऱ्या, नावानिशी ठाऊक असलेल्या मुलीसाठीही रडत होत्या, हे समजले. माझे मत पूर्ण बदलले. गेल्या दिवाळीत हे सांगावे म्हणून मी आत्याकडे गेलो आणि टीव्हीवर तो लागला होता म्हणून तिच्याशेजारी बसलो. ती आता बहात्तर वर्षांची आहे. अर्ध्या तासाने तिने आवाज बंद केला आणि म्हणाली, "ही पोरगी एवढं सोसते कशाला? आम्हाला रडवलं आणि घरी धाडलं, बाबा. बोल म्हणून कुणी सांगितलं न्हाई." मी जे मत घेऊन तिच्याकडे गेलो होतो, ते तिने केव्हाच मागे टाकले होते. त्या दोन्ही मतांपैकी कोणते खरे धरावे, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

पुणे

सांगलीचा अनुभव वाचल्यावर राहवले नाही आणि काल मी आईला 'उंबरठा'विषयी विचारले. तिचे वय आता चौऱ्याऐंशी आहे. आजपर्यंत आम्ही दोघी त्या चित्रपटाबद्दल कधीच बोललो नव्हतो. नववीतला माझा अबोला मला आठवतो, पण त्या संध्याकाळी तिच्या मनात काय होते, हे मी विचारलेच नव्हते. तिला शेवट आठवत नाही. नवऱ्याचा प्रसंगही अंधुकच आठवतो. आमच्या वाड्यातल्या दोन खोल्यांत तेव्हा आम्ही सात माणसे राहत होतो. ती म्हणाली, "तिला तिकडे नोकरीवर स्वतःची राहायची जागा होती आणि दार आतून लावता येत होतं. मी त्या दिवशी तेवढंच बघत होते."