मदत हवी आहे: धावत्या गाड्यांच्या जाळ्यात एओडीव्ही प्रोटोकॉलची निम्म्याहून जास्त पॅकेटं हरवतात

गतिमान:
नमस्कार. सुमो (वाहतुकीचं सिम्युलेशन) आणि एनएस-३ (नेटवर्कचं सिम्युलेशन) वापरून राउटिंग प्रोटोकॉलची, म्हणजे पॅकेटांचा मार्ग ठरवणाऱ्या पद्धतींची, तुलना करतो आहे. पुण्यातल्या पेठांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतला. १५० गाड्या, ३०० सेकंद, ८०२.११पी (गाड्यांसाठीचं वायफाय), १० मेगाहर्ट्झचा चॅनेल, डेटा ६ एमबीपीएसने. १० जोड्यांमध्ये यूडीपी, २५६ बाइटची पॅकेटं, सेकंदाला ४. एओडीव्हीत (गरज पडली की मार्ग शोधतो) निम्म्याहून कमी पोचतात, ओएलएसआरमध्ये (मार्ग आधीच तयार ठेवतो) त्याहून कमी. सिग्नल अंतराने किती क्षीण होतो ते ठरवणारं लॉग-डिस्टन्स मॉडेल काढून टू-रे ग्राउंड मॉडेल लावलं तर एकही पोचत नाही. हॅलोचा (शेजाऱ्यांना 'मी आहे' सांगणाऱ्या संदेशाचा) कालावधी १ सेकंदावरून ०.५ केला, फरक नाही. सरळ जीपीएसआरकडे (गाड्यांच्या स्थानावरून पॅकेट पुढे पाठवणाऱ्या प्रोटोकॉलकडे) वळू का?

तरंगलांबी:
इतक्यात नको. आधी मांडणी तपासा.

टू-रेचं कारण सोपं आहे. ट्रेसमधून (सुमोतल्या हालचालींच्या नोंदीतून) आलेल्या नोडचा, म्हणजे गाडीचा, झेड (उंची) शून्य असतो आणि मॉडेलमधलं 'हाइट अबव्ह झेड' मुळात शून्यच. सूत्रात दोन्ही अँटेनांच्या उंचीचे वर्ग गुणले जातात, म्हणून पोचणारी शक्तीही शून्य. तिथे १.५ मीटर द्या. फ्रिक्वेन्सीही ५.९ गिगाहर्ट्झ करा, नाहीतर ५.१५ राहते.

खरं नुकसान उभ्या गाड्या करतात. न निघालेली गाडी सुमोत नसतेच, पण एनएस-२ पद्धतीच्या ट्रेसमध्ये ती शून्याव्या सेकंदापासून निघायच्या जागी उभी असते आणि प्रवास संपला की शेवटच्या जागी थांबून राहते. असे नोड नकाशाच्या कडेला साचतात, हॅलो पाठवत राहतात आणि मार्गशोधाच्या विनंत्या पुढे ढकलत राहतात. सुमोच्या ट्रेसएक्सपोर्टरकडून मोबिलिटीसोबत ॲक्टिव्हिटी फाइलही काढा. तिच्यात प्रत्येक गाडीची सुरू आणि बंद व्हायची वेळ असते. त्या वेळांनुसार आयपी इंटरफेस चालू-बंद करा आणि फायही (रेडिओचा थर) बंद ठेवा, कारण नुसता इंटरफेस बंद केला तर मॅक (रेडिओवरची देवाणघेवाण सांभाळणारा थर) पोचपावती देतच राहतो. पाठवणारी आणि घेणारी गाडी दोन्ही रस्त्यावर असतील तेवढ्याच काळात पॅकेटं सोडा. निघून गेलेल्या गाडीला पाठवलेली पॅकेटं हिशोबात धरली तर कुठलाही प्रोटोकॉल वाईटच दिसेल.

नकाशा बनवताना सुमोच्या नेटकन्व्हर्टला लेफ्टहँड (डावीकडून वाहतूक) पर्याय दिला होता ना? नसेल तर गाड्या उजवीकडून धावताहेत.

गतिमान:
लेफ्टहँड राहिलं होतं, ॲक्टिव्हिटी फाइलही काढली नव्हती. दोन्ही करतो. पण हॅलो दुप्पट वेळा पाठवूनही काहीच का बदललं नाही?

बिनतारी:
कारण एनएस-३ मधल्या एओडीव्हीला दुवा तुटल्याची खबर मॅककडूनही मिळते: सगळे पुनर्प्रयत्न फसले की शेजारी तुटला असं धरलं जातं. हॅलो उलट घोटाळा वाढवतो. तो ब्रॉडकास्ट (एकदम सगळ्यांसाठी) असल्याने वेगळं न सांगितल्यास सर्वांत कमी दराने, म्हणजे ३ एमबीपीएसने जातो. मानकातली किमान संवेदनशीलता (किती क्षीण सिग्नल वाचता आला पाहिजे) ३ साठी उणे ८५ आणि ६ साठी उणे ८२ डीबीएम आहे. या ३ डीबीच्या पट्ट्यातल्या गाडीचा हॅलो ऐकू येतो, पण तिला पाठवलेला डेटा पोचत नाही. मार्ग बनतो, तुटतो, पुन्हा तोच बनतो. 'नॉन युनिकास्ट मोड' (ब्रॉडकास्टचा दर) ६ एमबीपीएसवर आणा. पल्ला थोडा घटेल, पण निवडलेले शेजारी खरे असतील. मग हॅलो बंद करून एक धाव घ्या; मला तरी शहरी मांडणीत तीच जास्त पटते.

एवढं करूनही एओडीव्हीचा मूळ दोष उरेल. तो कमीत कमी टप्पे शोधतो, त्यामुळे पल्ल्याच्या कडेवरचे शेजारी निवडले जातात. समोरासमोरून ताशी ३० किमीने गेलेल्या दोन गाड्या सेकंदाला सुमारे १६.७ मीटरने दुरावतात; कडेवरचा दुवा सेकंदभरही टिकत नाही. ओएलएसआर हॅलो २ सेकंदांनी पाठवतो आणि शेजारी ६ सेकंद धरून ठेवतो. तेवढ्यात १०० मीटर अंतर पडतं. तुमचे आकडे तिथेच घसरत असणार.

जीपीएसआरबद्दल: लॉग-डिस्टन्सला इमारती दिसत नाहीत, म्हणून तुमच्या मांडणीत तो उगाच चांगला दिसेल. पेठांच्या गल्ल्यांमध्ये गंतव्याच्या सर्वांत जवळचा शेजारी बरेचदा भिंतीपलीकडे असतो, आणि कोपऱ्यावर पॅकेट अडकतं. सुमोच्या पॉलीकन्व्हर्टने इमारतींच्या आकृत्या काढा आणि भिंतींचं क्षीणन धरा. व्हेन्स या गाड्यांच्या जाळ्यांच्या सिम्युलेटरच्या नमुना मांडणीत दर भिंतीला ९ डीबी आणि आतल्या दर मीटरला ०.४ डीबी आहे. त्यानंतर जीपीएसआरसोबत जीपीसीआरही घ्या. तो पॅकेट चौकातल्या गाडीवर थांबवून मग दिशा ठरवतो.