परागंदा, निर्वासित की हद्दपार?

पुढच्या महिन्यात वाचनकट्ट्यावर रशियन लेखक नाबोकोव्हच्या 'माशेन्का'वर बोलायचं आहे आणि पहिल्याच वाक्याला अडले आहे. १९१७ च्या क्रांतीनंतर रशिया सोडून बर्लिनमध्ये येऊन राहिलेल्या माणसांची ही कादंबरी. रशियनमध्ये अशा माणसाला 'एमिग्रांत' म्हणतात. मराठीत काय म्हणू? 'निर्वासित' लिहिलं, खोडलं. 'हद्दपार' लिहिलं, तेही खोडलं. 'स्थलांतरित' फारच कोरडं वाटतं, परत न जाता येण्याची बोच त्यात नाही.

— ताई, 'हद्दपार' नकोच. हद्दपार व्हायला हुकूम लागतो, तडीपारीला लागतो तसाच. १९२२ च्या सप्टेंबर आणि नोव्हेंबरात लेनिनच्या सरकारने विचारवंतांना, प्राध्यापकांना पेत्रोग्राडहून जहाजात बसवून जर्मनीला धाडलं, ते खरे हद्दपार. नाबोकोव्ह कुटुंब एप्रिल १९१९ मध्ये क्रिमियातून निघालं ते लेनिनची लाल सेना जवळ येऊन ठेपली म्हणून. त्यांना 'जा' असं कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबर १९२१ मध्ये मात्र बाहेर राहिलेल्या अशा लाखो लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. माणसं आधी निघाली, हुकूम मागून आला.

— मग 'निर्वासित' का नको? सगळ्यांना कळणारा शब्द आहे.

— कळतो, पण काय कळतं ते बघा. मी उल्हासनगरजवळ वाढलो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना आमच्याकडे सर्रास निर्वासित म्हणत. शेजारच्या आजींना तो शब्द लागायचा. 'तीस वर्षं झाली की रे इथे, अजून निर्वासितच?' असं त्या म्हणायच्या. तो शब्द ऐकला की छावणी, बराकी, रेशनची रांग डोळ्यांपुढे येते. 'माशेन्का'तली माणसं छावणीत नाहीत, भाड्याच्या खोल्यांत आहेत. शेजारून आगगाड्या धडधडत जातात आणि खोल्यांच्या दारांवर आकड्यांऐवजी जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवलेली आहेत, एप्रिलच्या पहिल्या सहा तारखांची. कुणी एक तारखेत राहतो, कुणी दोन तारखेत. या माणसांना पत्ता नाही, नुसती तारीख आहे. माझ्या मते 'परागंदा' म्हणा. मूळ फारसी शब्द, अर्थ विखुरलेला. त्यात घालवणारा कुणी दिसत नाही, फक्त दाणे सांडावेत तशी पांगलेली माणसं दिसतात.

— काका, पण आमच्या गावाकडे 'परागंदा झाला' म्हणजे कर्ज बुडवून पळाला. शब्दाला संशयाचा वास आहे.

— असू दे तो वास, इथे तो लागू पडतो! नायक गानिनकडे दोन पासपोर्ट आहेत: एक रशियन, खरा पण जुना, दुसरा पोलिश, बनावट. परक्या पोलिसाच्या नजरेला ही माणसं कायम संशयितच होती. बिचारा म्हातारा कवी पोद्त्यागिन कचेऱ्यांत खेटे घालून घालून पॅरिसला जायची परवानगी मिळवतो आणि पासपोर्ट बसच्या प्रवासात हरवून बसतो. ते पान वाचताना माझा घसा दाटून येतो. 'देशोधडीला लागलेला' हा वाक्प्रचारही त्याला शोभेल, पण त्यात आर्थिक नासाडीच जास्त ऐकू येते.

— पटलं, शीर्षकात 'परागंदा' घेते. नाबोकोव्हच्या वडिलांना मार्च १९२२ मध्ये बर्लिनमध्येच, एका सभेत गोळ्या घातल्या गेल्या, आणि चार वर्षांनी ही त्याची पहिली कादंबरी आली, हेही त्याच ओघात सांगेन. आता दुसरी अडचण. पोद्त्यागिन पॅरिसला निघालाय ते तिथे त्याची 'प्लेम्यान्नित्सा' राहते म्हणून, आणि लांबडे कुरकुरीत पाव नि रेड वाईन स्वस्त मिळते म्हणून. रशियन शब्दात ती भावाची मुलगी की बहिणीची ते कळत नाही. मराठीत मला ठरवावंच लागेल: पुतणी की भाची?

— पुतणी घ्या. भावाची मुलगी म्हटलं की तेच घराणं, तेच आडनाव. म्हाताऱ्याला जगात आपलं आडनाव लावणारं कुणीतरी उरलंय.

— खरं आहे, तरी भाचीच घेते. आपल्याकडे भाचरं सुट्टीत मामाच्या घरी जातात. इथे मामाच भाचीकडे निघालाय, आणि पोचत नाही.