लोड-आउट (शोनंतर सामान परत ट्रकमध्ये भरणं) दरवेळी रेंगाळतं: ८ ट्रक, ४० माणसं, क्रूची विभागणी कशी करावी?

पडद्यामागचा (प्रश्न)
इनडोअर कॉन्सर्ट आहे. ८ ट्रक, दोन डॉक (ट्रक लावून सामान चढवा-उतरवायच्या जागा), स्थानिक क्रू ४० जणांचा, शिवाय ६ रिगर, म्हणजे छताला सामान टांगणारे (४ वर, २ खाली). सकाळी ८ ला लोड-इन (सामान आत आणणं), दुपारी ४ ला साउंडचेक. क्रू चीफचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. टेक रायडर (कलाकारांच्या तांत्रिक गरजांची यादी) आणि रिगिंग प्लॉट (काय कुठे टांगायचं याचा नकाशा) हातात आहे. सकाळी माणसं कशी वाटायची, आणि शो संपल्यावर डॉकवर होणारा खोळंबा नेमका कशामुळे होतो? ‘सगळे मिळून उचला’ याच्यापुढची पद्धत हवी आहे.

चेनमोटर
रात्रीचा खोळंबा सकाळीच ठरतो, आणि तो ठरतो रिकाम्या पेट्यांवरून. सामान बाहेर आलं की फ्लाइट केस (सामानाच्या चाकांच्या पेट्या) मोकळ्या होत जातात. त्या जागा मिळेल तिथे ढकलल्या तर रात्री कन्सोल (साउंड किंवा लाइट्स चालवायचा बोर्ड) सुटा करून तयार असतो आणि त्याची पेटी मागच्या भिंतीला अडकलेली असते. दहा माणसं हात बांधून उभी, डॉकवर ट्रक उभा.

त्यामुळे पेट्या ठेवायची जागा पहिला ट्रक उघडायच्या आधी ठरवा, जमिनीवर टेपने रांगा आखा. रात्री आधी उतरतं बॅकलाइन (वादकांचे ड्रम, अॅम्प वगैरे) आणि माइक, मग मॉनिटर (कलाकारांसाठीचे स्पीकर) आणि कन्सोल, मग लाइट्स-पीए (प्रेक्षकांसाठीचे मोठे स्पीकर), सगळ्यात शेवटी ट्रस (दिवे टांगायचा धातूचा सांगाडा) आणि मोटर (तो साखळीने वर ओढणारी). म्हणून मोटरच्या पेट्या सर्वांत आत, बॅकलाइनच्या स्टेजला लागून. मोटर सकाळी सर्वांत आधी रिकाम्या होतात, त्यामुळे हा क्रम बराचसा आपोआप जमतो. बिघडतो तो मधेच कोणी ‘जरा वाट करून देतो’ म्हणून रांग हलवल्यावर. या कामावर एकच माणूस नेमा, आणि त्याला दुसरं काही सांगू नका.

अर्धवट भरलेली पेटी रिकाम्यांत गेली की दुपारी साउंडवाले त्याच पेटीतल्या केबल शोधत फिरतात. झाकण उघडून पाहिल्याशिवाय ‘रिकामी’ची टेप लावायची नाही.

माणसं: ट्रकच्या आत प्रत्येक डॉकला ४, म्हणजे ८. ढकलणारे १२, त्यातलाच एक पेट्यांवर. खालच्या रिगरांबरोबर ४, लाइट्सला ८, साउंडला ५, व्हिडिओला ३. ट्रक रिकामे होत आले की आतली आठ माणसं एलईडी वॉल आणि बॅकलाइनकडे वळवा. प्रत्येक गटाला एक प्रमुख द्या आणि तुम्ही फक्त त्या प्रमुखांशी बोला. तुमचे हात पेटीला लागले की मजल्यावर लक्ष ठेवायला कोणी उरत नाही.

काळी_टेप
वाटणी पटली, पण दोन्ही डॉक ८ वाजता एकदम उघडायला माझा ठाम विरोध आहे. आधी फक्त रिगिंगचा ट्रक. स्टेजची मध्यरेषा आणि पुढची कड धरून रिगिंगचे पॉइंट खडूने जमिनीवर उतरवायचे, प्रत्येकाशेजारी नंबर आणि मोटरची क्षमता लिहायची. हे होईपर्यंत लाइट्सचा ट्रक उतरवलात तर त्याच खुणांवर पेट्या येऊन बसतात आणि वरचे रिगर दोर सोडून वाट पाहत राहतात. तो मजला पुन्हा मोकळा करायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात खुणा आखून झाल्या असत्या.

आणि वर रिगर आहेत तोवर खाली हेल्मेट सगळ्यांना, आणि त्या पट्ट्यात कामाशिवाय कोणी नाही. वरून सुटलेला छोटा शॅकलसुद्धा (जोडणीची लोखंडी कडी) जीवघेणा ठरतो.

ट्रस उचलताना हुकूम एकाचाच. प्रत्येक मोटर आधी एकेकटी थोडी वर-खाली चालवून दिशा तपासा. फेज उलटे असतील तर ती उलटीच चालेल. मग ट्रस कमरेइतक्या उंचीवर थांबवून दिवे आणि केबल लावून घ्या, पिना आणि त्यांच्या क्लिप हात लावून मोजा. वर जाताना प्रत्येक साखळी पाहत राहा: तीन किंवा जास्त मोटरच्या ट्रसवर एक मोटर मागे राहिली की तिचा भार शेजारच्यांवर जातो, आणि हे खालून ट्रस किंचित वाकडा दिसण्यापलीकडे कळत नाही. साखळी पिशवीतच पडतेय ना, हेही बघा. पिशवी पिळली किंवा काठोकाठ भरली की साखळी बाहेर सांडते आणि स्वतःच्याच वजनाने पुढची ओढून घेते. ‘थांबा’ ओरडायचा हक्क मात्र प्रत्येकाला, अगदी आज पहिल्यांदा आलेल्या पोरालाही.

फीडर
वीज स्थानिक क्रूच्या हातात देऊ नका. सुट्या वायरींच्या फीडरला (मुख्य वीज आणणाऱ्या जाड केबल) जोडताना आधी अर्थ, मग न्यूट्रल, मग फेज. काढताना बरोबर उलटं, आणि मेन बंद आहे हे मोजून पाहिल्यावरच. फेज चालू असताना न्यूट्रल निघालं तर व्होल्टेज भलतीकडे चढतं आणि कन्सोल, प्रोसेसर जळतात. शो संपताच ‘चला, गुंडाळा’ म्हणून घाई करणारे नेमके इथेच चुकतात. फीडरची जास्तीची लांबी गच्च वेटोळी करून ठेवू नका, लोड आल्यावर ती तापते. मोकळी, पसरट ठेवा.

पडद्यामागचा
खूप उपयोग झाला. रात्रीच्या कॉलला हेच ४० ठेवू की वेगळे?

चेनमोटर
ट्रक भरणारे आठ वेगळे घ्या आणि त्यांना शो संपायच्या थोडं आधी बोलवा. सकाळपासून उभी असलेली माणसं रात्री रॅम्पवर चुकतात. भरलेली मोठी पेटी उतरताना चार जण, दोन बाजूंना आणि दोन वरच्या अंगाला धरून. खालच्या अंगाला समोर कोणीच नाही. पेटी सुटली तर सोडून द्यायची, पाय घालून अडवायची नाही.

सकाळी ट्रकचं दार उघडतानाही एकच फळी, माणूस दाराच्या मागे. वाटेत पट्टा ढिला झाला असेल तर पेट्या दारालाच टेकलेल्या असतात.

काळी_टेप
शोभर स्टेजशेजारी उभे राहणाऱ्यांना इअरप्लग वाटा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीत ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. प्लग लावून वॉकी ऐकू येत नसेल तर कानाचा हेडसेट द्या, नाहीतर माणसं प्लग काढून खिशात टाकतात.